फरशीवर टेकलेली वीणा

"आणि तरीही भाकरी त्यालाच?"

रंगनाथने यादवबुवांना विचारलं.

बुवा नुकतेच मठाच्या फाटकापासून परतले होते. आपल्या ताटातली भाकरी त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे बसलेल्या दौलतला नेऊन दिली होती. दौलतने ती कपाळाला लावली, ते रंगनाथने ओसरीवरून पाहिलं होतं. तेव्हापासून त्याचा जळफळाट चालला होता.

मठातला सगळ्यात जुना शिष्य तो. गळा गोड, पोथ्या तोंडपाठ. बुवांनी त्याला आपल्या ताटातला घास कधी दिला नव्हता. दौलत तर दिवाळीनंतर आलेला. त्याला धड टाळ धरता येत नव्हता.

आणि कालचा प्रकार तर साऱ्या गावाने पाहिला होता.

देवळात सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, असा नेम. भर दुपारी ती दौलतच्या गळ्यात होती. तेवढ्यात देवळामागच्या जयवंतरावांच्या घरातून पोरीची किंकाळी आली... मग दुसरी.

दौलतने वीणा फरशीवर टेकवली आणि धावत सुटला.

जयवंतराव म्हणजे सप्ताहाची पंगत घालणारे. चंद्री त्यांची भाची, आईबाप गेलेली. दौलतने त्यांच्या हातातला कासरा हिसकावला आणि पोरीला उचलून मठात आणलं. आज जयवंतराव माणसं घेऊन तिला परत न्यायला येणार, असा निरोप होता. म्हणून दौलत सकाळपासून फाटकात बसून होता. एकटाच.

"त्याने नेम मोडला, महाराज," रंगनाथ म्हणाला. "वीणा मी उचलली. भजनात खंड पडू दिला नाही. मी!"

"लगेच उचललीस?"

"टेकल्याबरोबर. तो आवाज काळजात घुसला माझ्या."

"एवढ्या टाळमृदंगात वीणा टेकल्याचा आवाज आला तुला?"

"आला ना."

"कान चांगले आहेत."

रंगनाथ सुखावला. पण बुवांची नजर त्याच्यावरून हटेना.

"...त्याच्या आधीचा आवाज?"



"ऐकला," रंगनाथ म्हणाला. "सगळ्यांनीच ऐकला. मृदंग्याने, टाळकऱ्यांनी, पंगतीत वाढणाऱ्या बायकांनी. वर्षभर सगळी आळी ऐकते आहे. मग मलाच का विचारता?"

"पोरीने हाक कुणाला मारली होती?"

"कुणाला म्हणजे? नाव कुणाचंच घेतलं नाही तिने."

"म्हणून तुला वाटलं, हाक तुला नव्हे?"

 आत चुलीपाशी भांडं वाजलं.

"चंद्रे," बुवांनी हाक दिली, "पाणी आण गं बाळा."

पोरगी तांब्या घेऊन आली. सात-आठ वर्षांची असेल. चालताना एक पाय जपून टाकत होती.

रंगनाथला वाटलं, आपणही काही करावं. बुवांच्या देखत. आशीर्वाद द्यायला त्याने हात वर उचलला.

तांब्या खाली पडला. पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि ती जमिनीला चिकटून बसली. रडली नाही. वाट बघत राहिली.

रंगनाथचा हात तसाच वर राहिला. तो खाली कसा घ्यावा, हेच त्याला कळेना. हलला असता तर ती आणखी आक्रसली असती.

बुवा उठले नाहीत. 

रंगनाथ हळूहळू, हात तसाच ठेवून, गुडघ्यांवर आला. मग ओल्या जमिनीवर बसला. तळवा उताणा करून त्याने तो पोरीपासून लांब मातीवर ठेवला.

बऱ्याच वेळाने तिने एक डोळा उघडला. तळहाताकडे बघितलं. तांब्या उचलून ती आत पळाली.

रस्त्याकडून माणसांचा गलका ऐकू येऊ लागला. जयवंतरावांचा आवाज त्यात वेगळा कळत होता. दौलत फाटकात उठून उभा राहिला.

रंगनाथ त्याच्याकडे बघत राहिला. जळफळाट अजून गेला नव्हता. उलट वाढलाच होता.

"महाराज," तो म्हणाला, "त्याची जागा... मला मिळायला हवी होती."

"त्याची त्याच्यापाशी राहू दे," बुवा म्हणाले. "त्याच्या शेजारी सगळं गाव मावेल."