पाणचक्की कुणाच्या नावावर?

“...पण मालक कोण, बाबा? एक नाव सांगा! नावच नाही, तर मी कागदावर एक लिहिलं म्हणून बिघडलं काय?”

त्र्यंबकपंत तावातावाने विचारत होते. समोर रोशनशाह फकीर पाणचक्कीच्या ओट्यावर बसून ज्वारीतले खडे निवडत होते.

पंतांना घाई होती. शेवरगावची ही चक्की आणि तिला पाणी पुरवणारा नहर, दोन्ही भानुशेठच्या नावे करून देणारा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता. संध्याकाळी त्यावर सुभेदारांचा शिक्का उठायचा होता, आणि शिक्का उठला की सुभेदारांच्या कचेरीतली पेशकारी पंतांना पक्की! लहानपणी याच ओट्यावर बसून ते बाबांकडून फारसी शिकले होते. म्हणून जाता जाता आशीर्वाद घ्यायला आले होते. आता खोटं कशाला बोला, त्यांना आशीर्वादापेक्षा शाबासकी हवी होती.

“दळायची जाती दोनच, त्यातलं एक दिवाळीपासून बंद,” पंत म्हणाले. “नहर तीन ठिकाणी गळतो. आणि रांग बघा, पार पिंपळापर्यंत गेलीय!”

“खरं आहे.”

“शेठ नवी जाती बसवतील. नहर दुरुस्त करतील.”

“करेल की. भानू कामाचा माणूस आहे.”

पंत गांगरले. आपण वाद घालायला कंबर कसून यावं आणि समोरच्याने नुसती मान डोलवावी, ही काय तऱ्हा झाली!

इतक्यात रांग मोडून गोजरा कासारीण तरातरा पुढे आली. काखेत पिठाची टोपली आणि तोंडाचा पट्टा सुटलेला.

“अरे ए बाबा! हे पीठ म्हणायचं की वाळू? भाकरी थापायला घेतली की चिरतेय! लेकरांच्या ताटात काय वाढू, तुझं डोंबल? जपमाळ ओढायला वेळ आहे, आणि त्या जात्याला टाकी कोण लावणार?”

पंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्यापुढे सुभेदार जोडे काढून उभे राहतात, त्या बाबांना अरे-तुरे!

बाबा मात्र लगबगीने उठले. चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं.

“चुकलं, माय. जाडच आहे.”

त्यांनी पाणी वळवलं. चक्की थांबली. रांगेतले चौघे बाप्ये हाक न मारताच पुढे आले, जात्याचा वरचा दगड त्यांनी उलथून ठेवला आणि बाबा छिन्नी-हातोडी घेऊन त्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला बसले.

पंत वाकून हळूच म्हणाले, “बाबा, ही कटकट तरी संपेल. चक्की शेठची झाली की तुम्हाला कुणी अवाक्षरही बोलणार नाही.”

“मग कुणाला बोलतील?”

“शेठला!”

हातोडी थांबली.

“...वा. गावातले सगळे तेलघाणे दोन वर्षांपासून भानूचेच ना?”

“हो. सगळे.”

“तुझ्या घरी काय म्हणतात त्या तेलाबद्दल?”

पंतांनी इकडेतिकडे पाहिलं. “आमची ही म्हणते... मेल्याने माप निम्म्यावर आणलंय, आता त्यालाच घाण्याला जुंपा.”

“छान! जा, एवढं त्याला सांगून ये. एकही शब्द गाळू नकोस. मग तुला आशीर्वाद देतो.”

“हात्तिच्या, एवढंच ना?” पंत म्हणाले आणि पगडी सारखी करून ताडताड निघाले.

परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बंद पडलेलं दुसरं जातंही आता घरघरत होतं. हात लागलाच आहे तर तेही उघडा, असं गोजरानेच सगळ्यांना दामटलं होतं म्हणे. पंतांचे पाय मात्र जड झाले होते, आणि ओठ लालभडक होते.

“बोललास?”

पंत उपरण्याने ओठ पुसू लागले.

“अरे, काय बोललास?”

“मी म्हटलं... आपलं तेल फार नितळ असतं.”

बाबा असे हसले, असे हसले की त्यांना ठसकाच लागला. रांगेत ही कुजबुज पोचली आणि बायका तोंडाला पदर लावून खिदळू लागल्या.

“आणि वर विडा खाऊन आला!” गोजरा ओरडली.

बाबांनी डोळे पुसले. “भानू वाईट वागला का रे?”

“छे हो! टेकायला लोड दिला, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. पण त्यांचे घाणे, त्यांचं तेल, त्यांचीच गादी. आपण सांगणारे कोण, असंच वाटलं मला. माझी दातखिळीच बसली, बाबा.”

पंत ओट्यावर बसले. त्यांना लाज वाटत होती, अगदी मनापासून. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं? त्यांनी कमरेचा कागद काढला, उलगडला. इतक्या वर्षांची चाकरी, तोंडाशी आलेली पेशकारी... रांगेतल्या टोपल्यांकडे त्यांनी एकदा नजर टाकली.

मग दौत-लेखणी काढली आणि भानुशेठचं नाव खसकन खोडलं.

“गेली पेशकारी तर गेली!” ते म्हणाले. त्यांना एकदम हलकं वाटलं. हलकं वाटलं आणि लगेच छातीही फुगली. स्वभाव का असा तासाभरात जातो?

“बाबा, आता माझी चूक व्हायची नाही. या गावात लायक माणूस एकच. चक्की आणि नहर, दोन्ही तुमच्या नावे लिहितो. चंद्रसूर्य आहेत तोवर!”

त्यांनी लेखणी दौतीत बुडवली.

पहिल्यांदाच बाबा घाबरलेले दिसले. त्यांनी झटकन पुढे होऊन पिठाने माखलेला पंजा त्या कागदावर दाबून धरला.

“नको रे बाबा! उद्यापासून ही गोजरा मला ‘हुजूर’ म्हणायला लागेल.”