रेवाचे दोन देश

“पण बाई, तिकडच्या कोर्टाचा हुकूम आपल्याकडे बाजूला सारता येतो की नाही?”

मकरंद धामणस्करनं चहाला हात लावायच्या आधीच विचारलं.

यशोधरा टिपणीस बाईंनी कप त्याच्यापुढे सरकवला.

पुण्याच्या एका विधी महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षं एकच विषय शिकवला होता. माणसं देश ओलांडतात, लग्नं करतात, मोडतात, मरतात. मग भांडण उभं राहिलं की कुठल्या देशाचं कोर्ट ते ऐकणार आणि कुठला कायदा लावणार, असा तो विषय. निवृत्तीनंतर त्या दापोलीला राहायला आल्या. मकरंद त्यांचा विद्यार्थी. याच विषयाची पदवी त्यानं पुढे लंडनला जाऊन घेतली होती आणि आता तो मुंबईला हायकोर्टात वकिली करत होता. आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं. तो ते लपवतही नसे.

“येतो, कधीकधी,” बाई म्हणाल्या. “प्रकरण सांग.”

त्यानं सांगितलं. त्याची अशील स्वरदा. नवरा रॉटरडॅमला नोकरीला. मुलगी रेवा सात वर्षांची, तिकडेच जन्मलेली. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात स्वरदा मुलीला घेऊन सुटीसाठी पुण्याला माहेरी आली, ती परत गेलीच नाही. तिकडच्या कोर्टानं मुलीला परत आणायचा हुकूम काढला. स्वरदावर फिर्यादही झाली; तिकडे विमानातून उतरली की अटक. इकडे स्वरदानंही नवऱ्याविरुद्ध फिर्याद दिली, म्हणून तोही भारतात यायला धजत नव्हता. त्यानं वकिलामार्फत हायकोर्टात मुलीचा ताबा मागितला होता.

“मुलगी वर्षभर इथे रुळली आहे,” मकरंद म्हणाला. “मुलं परत पाठवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केलेली नाही. त्रेचाळीस निवाडे काढलेत मी. अर्जदाराला उभं राहायला जागा ठेवणार नाही.”

“अर्जदाराचं नाव काय?”

“अं… गिरीश. हो, गिरीश.”

बाई म्हणाल्या, “तू जिंकलास, तर रेवाला किती देश उरतील?”

“म्हणजे?”

“आई तिला तिकडे नेऊ शकेल?”

“नाही. अटक होईल.”

“बाप इकडे येईल?”

“नाही…”

“मग किती?”

“एक.”

“आणि हरलास तर?”



“एकच,” तो म्हणाला. “पण बाई, मी आईचा वकील आहे. रेवाचा नाही.”

“मग आईला विचार.”

तो जरा रागावूनच परतला. निवाड्यांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नव्हता.

तरी त्यानं विचारलं. पुण्याला, स्वरदाच्या आईच्या घरी.

“सर, आपण हरतोय का?” स्वरदानं घाबरून उलट विचारलं.

“नाही. जिंकतोय. बहुतेक.”

ती खाली बसली. तिला आनंद झाला नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं.

“रेवा डच बोलेनाशी झाली आहे,” ती म्हणाली. “विसरली नाही. बोलत नाही. परवा फोनवर बापानं डचमध्ये काहीतरी विचारलं, तर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मला वाईट वाटेल म्हणून… सात वर्षांची पोर.”

मकरंदनं हातातली फाइल मिटली.

“तो ओरडायचा, हे खरं आहे सर. मी तिथे एकटी पडले होते, तेही खरं. पण फिर्यादीत ते ‘अत्याचार’ झालं. तुम्ही लिहिलंत, मी सही केली. मला तेव्हा बरं वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल.”

वाटलं होतं. तो मसुदा त्यानं सहकाऱ्यांना कौतुकानं वाचून दाखवला होता.

त्या आठवड्यात त्यानं रॉटरडॅमला गिरीशच्या वकीलबाईंना फोन केला. त्या सुरुवातीला तुटक बोलल्या, मग मोकळ्या झाल्या. गिरीशचाही जीव मुलीत अडकला होता. दोघा वकिलांनी मिळून एक मसुदा केला. रेवाची शाळा पुण्यात. उन्हाळ्याची सुटी रॉटरडॅमला. गिरीशनं पुण्याला हवं तेव्हा यावं, स्वरदानं तिकडे निर्धास्त जावं. दोन्ही देशांच्या कोर्टांनी शब्दाला शब्द जुळणारा एकच हुकूम काढायचा, म्हणजे मूल कुठेही असलं तरी तोच हुकूम लागू.

सगळं ठरलं आणि तिथेच अडलं.

गिरीश म्हणाला, आधी तिनं फिर्याद मागे घ्यावी. स्वरदा म्हणाली, आधी त्यानं. तिकडचं कोर्ट म्हणालं, मुंबईचा हुकूम येऊ दे. मुंबईचं म्हणालं, तिकडचा दाखवा.

दोन महिने गेले. रेवाच्या शाळेची दुसरी चाचणी झाली. तिच्या बापानं तिला शेवटचं जवळ घेतलं, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं.

मकरंद पुन्हा दापोलीला गेला. या वेळी त्यानं चहा निमूटपणे घेतला.

“दोन्ही बाजू तयार आहेत बाई. पण आधी कुणी पाऊल टाकायचं, याला नियम नाही. मी सगळीकडे शोधलं.”

बाई उठल्या. आतल्या खोलीतून एक जाड वही घेऊन आल्या. एकतीस वर्षांच्या टिपणांची, त्यांच्या हातची. विद्यार्थी असताना मकरंदनं ती तीनदा मागितली होती. एकदा नुसती पाहायला. त्यांनी कधी दिली नव्हती.

त्यांनी ती त्याच्या मांडीवर ठेवली.

“बाई… याची प्रत आहे ना तुमच्याकडे?”

“नाही.”

“मी मुंबईला नेऊ?”

“ने.”

“परत कधी आणू?”

“ते मला काय विचारतोस?”

त्यानं वही पिशवीत घातली. बाई कप विसळायला आत गेल्या. 

वहीतही तसा नियम नव्हता; पण बाईंनी ती काहीच न मागता दिली होती, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. चार दिवसांनी तो स्वरदापुढे बसला.

“आपण फिर्याद मागे घेऊ. अट न घालता. तुमचा वकील म्हणून मी असा सल्ला द्यायला नको. धोका आहे. त्यानं काहीच केलं नाही, तर आपल्या हातात काही उरणार नाही.”



“तुम्ही माझ्या जागी असता तर?” स्वरदानं विचारलं.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला. आजवर कुठल्याही अशिलापुढे त्यानं हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

आतल्या खोलीत रेवा पाढे म्हणत होती. स्वरदानं ते सोळापर्यंत ऐकले. मग म्हणाली, “कुठे सही करू?”

हायकोर्टानं फिर्याद रद्द केली. कागद रॉटरडॅमला गेले.

तिकडून काही आलं नाही.

पहिला आठवडा मकरंद स्वतःची समजूत घालत राहिला. दुसऱ्या आठवड्यात स्वरदाचा भाऊ त्याच्या ऑफिसात येऊन मोठ्या आवाजात बोलून गेला. मकरंदनं ऐकून घेतलं. उत्तर द्यायला त्याच्याकडे एकही निवाडा नव्हता. स्वरदानं मात्र फोन केला नाही. तिचं ते न विचारणंच त्याला जास्त जड गेलं.

बाराव्या दिवशी दुपारी स्वरदाचाच फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं.

“सर… तो खाली उभा आहे. सोसायटीच्या फाटकात. बॅग घेऊन.”

“गिरीश?”

“रेवा गेली पळत. चपला न घालता…”

पुढचं मकरंदला ऐकू आलं नाही. फोनमध्ये लांबून एका लहान मुलीचा आवाज येत होता. ती भराभरा, न थांबता, डचमध्ये काहीतरी सांगत होती.

तिकडची फिर्याद गिरीशनं निघण्याआधीच मागे घेतली होती. कागद मागाहून आले. महिन्याभरात दोन्ही कोर्टांचे हुकूम निघाले, दोन भाषांत, एकाच मजकुराचे.

मकरंद ते घेऊन दापोलीला गेला. बाईंनी दोन्ही वाचले. डच त्यांना येत नव्हतं, तरी तो कागदही त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

“मी यावर लेख लिहितोय,” मकरंद म्हणाला. “एका ठिकाणी अडलोय. दोन देशांची दोन कोर्टं, दोघांनाही अधिकार. कुणीच कुणाच्या हाताखाली नाही.”

“बरं.”

“मग त्यातलं मोठं कुठलं म्हणायचं?”

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, त्यांच्या कडा जुळवल्या.

“आधी वाकलं ते.”