बारा आणि आरपार

एकदा एका हुशार बाईला आपण नापास का झालो हेच कळेना.

नाव तिचं कीर्ती मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या ड्रॉइंग विभागात ती आठ वर्षं काम करत होती. डिझाइन करणारी मंडळी वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी कागदावर काढून दिलेलं खाली संगणकावर स्वच्छ उतरवायचं, एवढंच कीर्तीचं काम. तिचा हात मात्र असा चालायचा की वरचे लोक म्हणत, "मगदूमबाईंकडे द्या, चहा होईस्तोवर मिळेल." कौतुक सगळे करत, पण वर या असं कोणी म्हणत नसे.

मग वरची एक जागा रिकामी झाली. मॅनेजर पाटणकर तिला म्हणाले, "बाई, जागा तुम्हालाच मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण मालकांचा नियम आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र पाहिजे. परीक्षा द्या, पास व्हा, आणि या वर."

कीर्ती परीक्षेला बसली. पास व्हायला पंचाहत्तर गुण लागत होते, तिला पडले एकसष्ट. पाटणकर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. एकदा अजून बसा. नाही जमलं, तर पुण्याचा एक माणूस तयार आहे." आठ वर्षांत पहिल्यांदा उघडलेलं दार, आणि ते उघडं राहायला उरले होते वीस दिवस.

आता ही परीक्षा काय असते ते सांगितलं पाहिजे. एका यंत्रभागाची आकृती देतात. तो भाग संगणकावर जसाच्या तसा उभा करायचा, आणि सांगितलेल्या धातूत त्याचं वजन किती भरेल ते ग्रॅममध्ये लिहायचं. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण पुढच्या प्रश्नात त्याच भागाची दोन-तीन मापं बदलून देतात आणि म्हणतात, आता वजन सांगा. कीर्तीचे पहिले प्रश्न सगळे बरोबर होते. बदललेल्या मापांचे जवळजवळ सगळे चुकले होते.

माणसाचा स्वभाव बघा. ज्या गोष्टीत आपण तरबेज, तीच आपल्याला कमी पडली असं त्याला वाटतं. कीर्तीने ठरवून टाकलं की आपला वेग कमी पडला. तिने सरावाच्या आकृत्या जमवल्या, भिंतीवर वेळापत्रक लावलं आणि फोनवर वेळ लावून सपाटा सुरू केला. बावीस मिनिटांचा भाग ती एकोणीस मिनिटांत करू लागली. तरी धाकधूक जाईना, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून ती नाना मेस्त्रींकडे गेली.

नाना एकाहत्तर वर्षांचे. ओतकामासाठी लाकडाचे साचे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पंचावन्नाव्या वर्षी, फाउंड्रीवाले जेव्हा संगणकावरचं काम मागू लागले, तेव्हा हे गृहस्थ कुरकुर न करता संगणक शिकले, आणि पुढे दुसऱ्यांनाही शिकवू लागले. वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात दोन संगणक, सकाळी सात ते नऊ शिकवणी. बोलणं अगदी मोजकं.

पहिल्या दिवशी त्यांनी कीर्तीपुढे एका ब्रॅकेटची आकृती ठेवली. एक जाड प्लेट, तिच्यात चार भोकं, वर एक उभी भिंत. कीर्तीने अठरा मिनिटांत ब्रॅकेट उभा केला आणि ऐटीत मागे टेकून बसली.

"सुरेख," नाना म्हणाले. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला, प्लेटची जाडी बारा मिलिमीटर होती ती पंधरा केली, आणि आपला चहा गाळायला निघून गेले.

कीर्तीने पडद्याकडे पाहिलं. प्लेट जाड झाली होती, बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. "नाना, वजन सांगू?" तिने आकडा वाचून दाखवला.

नानांनी खिशातली उत्तराची चिठ्ठी पाहिली. "चुकलं. उद्या ये."

"काय चुकलं ते तरी सांगा!"

"उद्या ये."

दुसऱ्या दिवशी दुसरा भाग. तिने तो सतरा मिनिटांत केला. नाना आले, सुरेख म्हणाले, ऐंशीची लांबी नव्वद करून निघून गेले. या खेपेला चूक उघड दिसली. भिंतीला टेकू देणारी पट्टी भिंतीपर्यंत पोचायची, ती दहा मिलिमीटर अलीकडेच थांबली होती. कीर्तीने झटकन पट्टीची लांबी दहाने वाढवली. "झालं, नाना!"

"आणि मी शंभर केलं तर?" नाना म्हणाले, आणि फरसाणाचा डबा शोधायला गेले.

तिसरा दिवस तसाच, चौथा तसाच. भाग उभा करावा, म्हाताऱ्याने यावं, एक आकडा बदलावा आणि चालू लागावं. कीर्तीच्या मनात नाना प्रकारच्या शंका येऊ लागल्या. यांना शिकवायचं आहे की खोड काढायची आहे? बाईमाणूस वरच्या मजल्यावर जातंय हे यांनाही बघवत नाही की काय? मग तिने एक युक्ती काढली. नाना कोणता आकडा बदलतील याचा अंदाज बांधायचा आणि तेवढी जागा पक्की करून ठेवायची. तिने लांबी पक्की केली. नानांनी रुंदी बदलली.

पाचव्या दिवशी ती हट्टालाच पेटली. भागातली प्रत्येक कड दुसऱ्या कडेला, प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला तिने अशी जखडून टाकली की काही हलायची बिशाद नव्हती. नाना आले, त्यांनी एक आकडा बदलला, आणि पडदाभर लाल खुणा उमटल्या. सॉफ्टवेअरने मान्यच केलं नाही.

"आता तर त्याला श्वासही घेऊ देईनास," नाना म्हणाले.

कीर्तीचा संयम सुटला. "नाना, खरं सांगा, मी नापास व्हावं अशीच तुमची इच्छा आहे का? दहा दिवस राहिलेत माझे. ही जागा गेली तर जन्मभर खाली बसून दुसऱ्यांची चित्रं उतरवत बसेन. आणि तुम्ही रोज येता, एक आकडा बिघडवता आणि चहा पिता!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि आपले डोळे भरले याचाच तिला जास्त राग आला.

नाना खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "पहिल्या दिवसाचा ब्रॅकेट उघड," ते म्हणाले. "आता त्याला उलटा कर. खालून बघ."

कीर्तीने ब्रॅकेट उलटा केला. वरून चार भोकं होती. खालून एकही नव्हतं. सपाट, गुळगुळीत प्लेट. चारही भोकं तीन मिलिमीटर अलीकडे बुजलेली होती.

"भोकाची खोली तू किती दिली होतीस?"

"बारा. प्लेट बाराची होती ना."

"ऐक पोरी," नाना म्हणाले. "बारा लिहिलंस त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या भोकाला बाराशी काय देणंघेणं? त्यातून बोल्ट जायचा आहे, त्याला पलीकडे निघायचं आहे. तुला आरपार म्हणायचं होतं आणि तू बारा म्हणालीस. ती पट्टी भिंतीला टेकायची होती, तू म्हणालीस पंचेचाळीस. आकृतीत दिसले ते आकडे तू जसेच्या तसे उचललेस, आठ वर्षं तुझं कामच ते होतं. आणि आज सगळं जखडलंस, तेव्हाही कुणाला कुणाची गरज आहे हे विचारलं नाहीस. आकडे बदलणारच. गिऱ्हाईक बदलतं, परीक्षक बदलतो. ज्या भागाला आपण कशासाठी आहोत हे ठाऊक असतं, तो आकडा बदलला की आपली जागा आपणच घेतो. तुझा वेग उत्तम आहे. मी तुला एवढंच दाखवत होतो की तो वेग कुठे संपतो."

एवढं बोलून त्यांनी संगणक बंद केला आणि तिच्यापुढे कागद ठेवला. "तीन दिवस याला हात लावायचा नाही. आकृती घे, प्रत्येक मापापुढे ते का आहे ते लिही. कळलं नाही तर शेजारच्या वर्कशॉपमध्ये जा, तो भाग बसवलेला बघ आणि मग लिही."

परीक्षा तोंडावर आणि संगणक बंद! दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं. पण ती बुजलेली चार भोकं कीर्तीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ती लिहू लागली. हा उंचवटा का? कारण वर बेअरिंग बसतं. हे दोन कोपरे गोल का? कारण इथून हात घालून नट आवळायचा असतो. हे भोक डावीकडून चाळीसवर का? चाळीसवर नाहीच ते, मधोमध आहे, कारण दोन्ही बाजूंना भार सारखा पडायला हवा. लिहिता लिहिता ती एकदा स्वतःशीच मोठ्याने हसली. आठ वर्षं आपण हजारो भोकं काढली, त्यातल्या एकालाही तू इथे का म्हणून विचारलं नाही!

चौथ्या दिवशी संगणक सुरू झाला. तिने सावकाश, पंचवीस मिनिटं घेऊन एक भाग उभा केला. नानांनी लांबी बदलली, जाडी बदलली, भिंत पुढे सरकवली. भाग दरवेळी नीट बसला. नानांनी चिठ्ठी पाहिली आणि पहिल्यांदाच "बरोबर" म्हणाले.

त्याच वेळी कीर्तीचा फोन वाजला. पाटणकर होते. "बाई, गडबड झाली आहे. पुण्याच्या माणसाला दुसरीकडून बोलावणं आलंय, तो उद्या संध्याकाळपर्यंत पक्कं उत्तर मागतोय. तुमची परीक्षा उद्या सकाळी घेता येईल का? केंद्रावर जागा आहे, मी विचारून ठेवलंय. नाहीतर माझा नाइलाज आहे."

पंधरवड्यापूर्वीची कीर्ती असती तर मुदत मागत बसली असती. भिंतीवरच्या वेळापत्रकात अजून सरावाच्या चाळीस आकृत्या शिल्लक होत्या, एकेका दिवसाला बांधलेल्या. तरी ती म्हणाली, "बसते साहेब. उद्या सकाळी."

फोन ठेवून ती नानांकडे वळली. "नाना, हा आकडा तुम्ही तर नाही ना बदललात?"

नाना खो खो हसले. इतक्या दिवसांत तिने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "नाही गं. पण बदलला ते झकास झालं. आणखी आठवडा मिळाला असता तर तू पुन्हा आकृत्या पाठ करायला लागली असतीस. जा, नीट जेव आणि झोप."

परीक्षेच्या खोलीत बाकीचे कीबोर्ड ताडताड वाजू लागले, तेव्हा कीर्ती कागदावर पेन्सिलने लिहीत बसली होती. बराच वेळ झाला तरी तिने संगणकाला हात लावला नाही, तेव्हा देखरेखीचे गृहस्थ काळजीने जवळ आले. "मॅडम, मशीन अडकलंय का? दुसरं देऊ?"

"नको सर, माझं काम चालू आहे," ती म्हणाली.

मग तिने भाग उभा केला. पुढच्या प्रश्नात मापं बदलून आली, तिने ती घातली, भागाने आपली जागा घेतली, तिने वजन लिहिलं. पुन्हा बदलली, पुन्हा लिहिलं. एका भागाने शेवटी शेवटी दगा दिलाच. एक गोलाई कोलमडली. पण कुठे आणि का, हे तिला तिथल्या तिथे कळलं, आणि चार मिनिटांत तिने ती सावरली. निकाल पडद्यावर लगेच आला. अठ्ठ्याऐंशी.

सोमवारी ती वरच्या मजल्यावर बसली. पहिलंच काम पंपाच्या झाकणाचं होतं. तिने ड्रॉइंग पाहिलं आणि शेजारच्या देसाईंना विचारलं, "याला सहा बोल्ट का आहेत?"

देसाई गोंधळले. "सहाच असतात. आधीपासून."

"पण का?"

खोलीत चार जण होते, चौघांनाही सांगता येईना. शेवटी सगळेच जिना उतरून खाली गेले. तिथे पंप जोडणारा जुना फिटर होता, सदाशिव. त्याने हात पुसले आणि शांतपणे सांगितलं, "पूर्वी झाकण बिडाचं होतं मॅडम, जड. त्याला सहा लागायचे. आता हलकं आलंय, चारात भागतं. चार वर्षं झाली झाकण बदलून. मला वाटायचं वर कुणाला तरी ठाऊक असेल."

हिशेब तपासून पाहायचा असं देसाईंनी कबूल केलं, आणि कीर्तीने तिथेच उभ्या उभ्या वहीत त्याचं कारण लिहून घेतलं. आपण जे करत आलो ते कशासाठी करत आलो, एवढं ज्याला सांगता येतं, त्याची परीक्षा कुणी कोणत्याही दिवशी घ्यावी.