पुसलेली गेरूची बोटं

तुमच्या आज्याच्या आज्यालाबी आठवायची न्हाई, येवढी जुनी गोष्ट. एका कड्यात गुहा व्हती आन् गुहेत पाकोळ्या, बारकी काळी पाखरं, राहायच्या.

पाकोळीचं पाय म्हंजे नुसतं आकडं. फांदीवर बसता येत न्हाई, भुईवर चालता येत न्हाई. दिसभर उडायचं आन् सांजला खडकाला लोंबकळायचं. घरटं करायचं तेबी सोताच्या थुंकीनं, महिना-दीड महिना, धागा धागा चिकटवत.

त्या घरट्याचा रस्सा राजाच्या खोकल्याला लागायचा. घरटी काढायचं काम धाकलूचं. कमरंला दोर बांधून तो कडा उतरायचा. वर दोर धरायचा त्याचा मेव्हणा, लखू. रीतच तशी व्हती. दोर बायकोच्या भावानंच धरायचा. बहिणीचं कुंकू हातात असलं की माणूस डुलकी घेत न्हाई.

आनखी एक रीत व्हती. पाकोळीनं अंडी घालायच्या आधी पयलं घरटं काढायचं आन् तिथं खडकावर गेरूचं बोट लावायचं. बोट लागलं, की पाकोळीनं तिथं बांधलेलं दुसरं घरटं पिलं उडंस्तवर कुणी शिवायचं न्हाई.

एका साली राजाचा खोकला वाढला. त्याचा कारभारी आला. "दुसरी टोपली पाहिजे," म्हणाला. "जमत नसंल तर राजानं दिलेलं घर सोड. दुसरा माणूस बघतो."

धाकलूचं गुडघं आधीच गेलेलं. तरी उतरला. गुहेत जिकडंतिकडं गेरूची बोटं. तो थुंकला, बाहीनं एकेक बोट पुसलं, आन् घरटी खरवडली.

वर लखू म्हणाला, "दाजी, येवढी कुठनं घावली?"

"घावली. त्वांड मिटून दोर गुंडाळ."

"बाहीला गेरू लागलाय तुमच्या."

धाकलूनं बाही दुमडली.

महिन्यानं कारभारी तिसऱ्या टोपलीला आला. धाकलू परत उतरला. खडकाला एक पाकोळी लोंबकळत व्हती, डोळं अर्धं मिटलेलं. शेजारी पातळ, वाकडं घरटं. थुंकी कमी, पिसंच जास्त. त्यात एक अंडं.

पाकोळी म्हणाली, "बाबा, त्वांड कोरडं पडलंय माझं. चौथं बांधायला माझ्यात काय उरलं न्हाई."

धाकलू खेकसला, "मग माझं काय? मला घर न्हाई? मीबी दमलोय!"

"दमलायस ना," पाकोळी म्हणाली, "मग तुला तरी कळाया पाहिजे."

धाकलूनं मान फिरवली आन् घरटं ओढलं. अंडं खाली गेलं. दरी येवढी खोल, की फुटल्याचा आवाजबी आला न्हाई.

पुढल्या साली कारभारी रिकामी टोपली घिऊन हजर. धाकलू उतरला. गुहा मोकळी. एक पीस तेवढं पडलेलं. त्यानं ते उचललं, खडकावर थुंकला आन् पीस चिकटवाया गेला. पीस घसरलं. परत थुंकला. परत घसरलं. मग तोंडात थुंकीच राहिली न्हाई.

"दाजी, वढू का वर?" लखूनं हाक मारली.

"वढ," धाकलू म्हणाला. "आन् तुझ्या बहिणीला सांग, बोचकं बांध."

सांजच्याला त्याच्या घराला कुलूप लागलं, आन् राजा रश्शाबिगर खोकत राहिला.

ध्यानात ठेवा: देणाऱ्याला दम खाऊ दिला न्हाई, तर घेणाऱ्याच्या हाताला पुन्हा काय लागत न्हाई.