काजळगडाच्या तीन उखळी

काजळगडाच्या पश्चिम टोकाला अर्धाच बुरूज उभा आहे. त्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेल्या तीन उखळी आहेत. ऐन उन्हाळ्यात गडावरची टाकी आटतात, पण या उखळींत पाणी असते. गडाखालच्या उखळवाडीच्या बायका त्या कोरड्या पडू देत नाहीत. गड दाखवणारे केरबानाना पाहुण्यांना तिथे सावलीला बसवतात. शिकलेली माणसे बसली की बंदुकीची दारू मुळात चीनची, फिरंग्यांची की आपल्याच वैद्यांची, यावर हमरीतुमरीवर येतात. नाना त्यांना पोटभर भांडू देतात आणि मग म्हणतात, "ह्यो वाद हितं एकदा झालाय. बसा, ऐका."

फार जुन्या काळी वाडीत सगुणा नावाची बाई होती, असे सांगतात. तिचा नवरा भिवा लोणारी कोळशाच्या भट्ट्या लावी. तिचा भाऊ रायबा जुन्या गोठ्यांची खारी माती उकळून सोरा काढी. गडावर एक गोसावी राहत असे, तो लोकांना खरजेवर गंधक देई. एकदा भिवाच्या पायाला खरूज झाली, तेव्हा सगुणाने त्या गंधकात घरातलाच सोरा आणि कोळसा वाटून लेप केला. उरलेला लेप पाट्यावर वाळला आणि चुलीतली ठिणगी त्यावर उडाली. भडका असा उठला की तिच्या भुवया जळाल्या. औषध करायला गेली आणि हे झाले, म्हणून ती घाबरली. घरच्यांना मात्र त्यात नशीब दिसले.

मग गडासाठी या उखळींत दारू कुटली जाऊ लागली. पुरुष मुसळ चालवीत आणि सगुणा तांब्या घेऊन जवळ बसे. पिठी कोरडी दिसली की ती पाणी शिंपडी. ओली पिठी आग धरत नाही, हे ती भुवया देऊन शिकली होती. पुरुषांना वाटे, बाई धूळ बसवते आहे.

पुढे किल्लेदाराने जाहीर केले की दारू ज्याने शोधली त्याला गडाखालचे पठार इनाम मिळेल. झाले, तिघांची तोंडे तीन दिशांना झाली. भिवा म्हणाला, कोळशाशिवाय कसली दारू? रायबा म्हणाला, जीव सोऱ्यात आहे. गोसावी म्हणाला, ही विद्या महाचीनची, माझ्या गुरूने आणली. सगुणाला कुणी विचारलेच नाही. किल्लेदाराने तोड काढली. तिघांनी एकेक उखळी घ्यावी, ज्याची दारू आधी पेटेल ती त्याची. सगुणा एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण, तेव्हा तिने उखळींपाशी यायचे नाही.

तिला तटाच्या दाराबाहेर बसवले होते. तिथून तिला मुसळांचा आवाज ऐकू आला. तो आवाज कोरडा होता. ओली दारू वाळायला वेळ लागतो आणि प्रत्येकाला घाई होती. ती उठून ओरडली, "पाणी घाला, पाणी!" भिवाला वाटले, भावाला पुढे काढायला मला मागे खेचते आहे. रायबाला वाटले, ही नवऱ्याची बाजू घेते आहे. दोघांनीही मुसळ जास्तच जोरात हाणले.

एका उखळीने पेट घेतला आणि तिच्यामागे बाकीच्या दोन्हींनी. बुरूज निम्मा खाली आला. तिघांतले कुणी उरले नाही.

किल्लेदाराने सारी वाडी गोळा करून विचारले, दारू कुणाची? ज्याची दारू, त्याला कड्यावरून लोटायचे. काल ज्यांना पठार हवे होते, ते आज मागे सरकले. भिवाचे भाऊबंद म्हणाले, रायबाची. रायबाचे म्हणाले, गोसाव्याची. गोसाव्याच्या चेल्यांनी चीनकडे बोट दाखवले. प्रेताला हात लावील तो धनी ठरेल, या भीतीने प्रेतेही तशीच पडून राहिली. आणि दिवस कलला तसा रिकाम्या उखळींतून कुटण्याचा आवाज येऊ लागला म्हणे. मुसळ दिसत नव्हते, माणूस दिसत नव्हता. प्रत्येक घावामागे एक घोगरा आवाज विचारत होता, "कुणाची?" सगुणाला तो आवाज ओळखता आला. तो कधी भिवाचा होता, कधी रायबाचा.

नवरा आणि भाऊ असे वाऱ्यावर पडलेले तिला बघवेना. काय होणार हे तिला ठाऊक होते. ती तांब्या घेऊन सगळ्यांदेखत पुढे गेली आणि तिन्ही उखळींत पाणी ओतले.

"माझी हाय," ती म्हणाली. "म्याच केली. आता निजा."

आवाज थांबला. किल्लेदाराच्या देखत तिने तिघांना अग्नी दिला. त्यानंतर तिला कड्यावरून लोटले, असे काही जण सांगतात. काही म्हणतात, तिच्याकडे पाहायचीच कुणाची छाती झाली नाही आणि ती आपल्या पायांनी रानात निघून गेली. वाडीत अजून यावर एकमत नाही, पण उखळींपाशी कुणी तो वाद काढत नाही.

आजही सर्वपित्रीच्या अवसेला दिवस मावळायच्या आत वाडीची एखादी बाई वर येते, उखळी भरते आणि "माझी हाय" म्हणून मागे न बघता उतरते. एका वर्षी सुतकामुळे कुणी आले नाही, तेव्हा दिवाळीपर्यंत वाडीत कुणाला झोप लागली नव्हती, असे नाना सांगतात.

गोष्ट संपली की नाना भांडणाऱ्या पाहुण्यांपुढे पाण्याचा तांब्या धरतात. ज्याला दारू आपली वाटते त्याने पाणी घालावे आणि तसे म्हणावे. आजवर तो तांब्या कुणी हातात घेतलेला नाही म्हणे.