मढ्याचा धनी

एका राज्यात भर दुपारी विस्तव विझला. एका चुलीतला नव्हे, साऱ्या राज्यातला. तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची राहिली, लोहाराचा भाता नुसत्याच धापा टाकू लागला, देवापुढची समई गपकन गेली. गारगोट्या घासून घासून लोकांची बोटं सोलली, पण ठिणगी म्हणून पडेना.

कारण वेशीबाहेरच्या रानात पडलं होतं. त्याच सकाळी करवंदीच्या जाळीत एक मढं सापडलं. जनावराचं. पण कोणत्या जनावराचं, ते मला विचारू नका. सारं राज्य तेच विचारत होतं. अंग बैलाएवढं, मान उंटासारखी, पाठीवर खवले, पुढच्या पायांना खूर आणि मागच्या पायांना नखं. गिधाडं वर घिरट्या घालून निघून गेली. कोल्ह्यांनी वास घेतला आणि शेपूट घालून पळाले. मढं ना कुजे, ना सुके.

तुम्हा-आम्हाला रीत ठाऊक आहे. गावात मढं पडलेलं असलं, की ते उचलेपर्यंत चूल पेटवत नाहीत. माणसं ही रीत पाळतात. त्या राज्यात आता विस्तवच ती पाळू लागला.

मग उचला की, असं तुम्ही म्हणाल. अहो, तिथंच तर घोडं पेंड खात होतं! त्या राज्यात शिस्त फार. घोडा मेला तर पागेनं उचलायचा, हत्ती मेला तर पीलखान्यानं, रानचं जनावर मेलं तर शिकारखान्यानं. जो उचलील त्यानं त्याचं सुतक धरायचं. फुकटचं सुतक कोण घेतो? तेव्हा आधी ठरायला हवं, हे आहे कोण.

एक रात्र गारठ्यात गेली. दुसऱ्या दिवशी दरबार भरला. शिकारखान्याचे भैरोजी म्हणाले, "खूर बघा, खूर! हा घोडाच. पागेनं उचलावा."

पागेचे रायाजी उसळले, "खवल्यांचा घोडा तुमच्या आजोबांनी पाहिला होता काय? नखं आहेत, म्हणजे शिकारी जनावर. माणसं खाणारं. शिकारखान्याचंच ते!"

त्र्यंबकशास्त्र्यांनी डोळे मिटून सांगितलं, "हे मुळात जनावरच नव्हे. हा शापित गंधर्व. त्याला उचलणं आमच्या शास्त्रात बसत नाही."

बाहेर लोकांच्या जिभेला तर हाडच नव्हतं. कुणी म्हणे पाताळातून वर आलं, कुणी म्हणे शेजारच्या राजानं टाकलं, कुणी म्हणे परवाच त्यानं माझी शेळी नेली.

राजा वीरकेत सिंहासनावर बसून ऐकत होता, पण त्याचा जीव महालात होता. राणी सोनावती नुकतीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. दिवस पौषातले, गारठा हाडं फोडणारा. बाळंतिणीच्या खोलीत ना शेक, ना धुरी, ना ऊन पाणी. म्हातारी सुईण दरबारात आली आणि म्हणाली, "महाराज, लेकीचे ओठ निळे पडलेत. उद्याच्या उन्हाआधी शेगडी पेटली नाही, तर तिची आशा धरू नका."

राजा उठला. कुणाला काही न बोलता पायी रानात गेला.

मढ्याजवळ उघड्या खडीवर एक टिटवी अंड्यांवर बसली होती. ती माणसासारखी बोलली, आणि राजानंही ते सरळ ऐकलं.

"राजा, काय हवं?"

"हे जनावर कोण, ते सांग."

"मला ठाऊक नाही. मी इथं अंडी घालायला आले."

"मग याला उचलायचं कुणी?"

टिटवीनं मान वळवली. "तुझ्या राज्यात रानात मोहरांचा हंडा सापडला आणि त्याला धनी नसला, तर तो कुणाचा?"

"राजाचा."

"मग हे कुणाचं?"

राजा म्हणाला, "पण राजाला सुतक नसतं. पणजोबांपासूनची रीत आहे."

"तीच रीत तुमच्या मुळावर आली," टिटवी म्हणाली. "राजाचा कारभार अडू नये म्हणून तुझ्या पणजोबानं काळदंत नावाच्या मांत्रिकाकडून सुतक काढून घेतलं. मांत्रिक म्हणाला, सुतक काही हवेत जात नाही, कुणाला तरी ते धरावंच लागतं. त्यानं ते विस्तवाच्या गळ्यात बांधलं. तुझ्या राज्यात बेवारशी मढं पडलं, की विस्तव सुतक धरणार. सोडवायचं तर तीन कामं आहेत. तू स्वतः याला पाणी घाल. तू स्वतः याला पांघरूण घाल. तू स्वतः याला खांदा दे."

राजा पाण्याला निघाला. रानात एकच विहीर, आणि तिच्या काठावर नाग. नागानं विचारलं, "पाणी कुणासाठी?"

"राज्यासाठी," राजा म्हणाला. पोहरा वर आला तो कोरडा.

"माझ्या मुलीसाठी." हे तर अगदी खरं होतं, तरी पोहरा कोरडाच आला. राजाचा धीर खचला. काठावर बसून तो नुसता पाण्याकडे बघत राहिला. पाणी होतं, आत चमकत होतं. मग तो हळूच म्हणाला, "जे मेलंय, त्याच्यासाठी."

पोहरा काठोकाठ भरून आला. नाग बाजूला सरकला.

राजानं मढ्याला आंघोळ घातली. हात लावायला आधी त्याला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? मग मातीचे थर निघाले, गोचिडी निघाल्या, खुरात रुतलेला बाभळीचा काटा निघाला. तोंड धुवायला जबडा उघडला, तर आत गवताचा घास होता. अर्धा चावलेला. ज्याला सारे माणसं खाणारं म्हणत होते, ते गवत खाताखाता मेलं होतं.

राजानं तो घास तसाच राहू दिला आणि जबडा हलकेच मिटवला. तो पांघरुणाच्या कामाला लागला.

एव्हाना प्रधान सोमदत्त, भैरोजी, रायाजी आणि शास्त्रीबुवा शोधत शोधत तिथं पोचले होते. राजानं जामदारखान्यातून शालू मागवला. तो मढ्यावर घातला, तर आखडून हातभर झाला. भरजरी शेला मागवला, तोही आखडला. राजानं डोक्याचा मंदील सोडला. प्रधान ओरडले, "महाराज, हे काय! राजाचं डोकं उघडं?" राजानं ऐकलं नाही. तो मंदील मानेपासून शेपटीपर्यंत पुरला.

राहिला खांदा. राजानं दोन्ही हात घातले. मढं तसूभर हललं नाही. दोर लावले, बैल जोडले. दोर तुटले, बैल गुडघ्यावर आले. ऊन कलायला लागलं. राजा टिटवीवर ओरडला, "दोन कामं केली! आता हे का उठत नाही?"

टिटवी म्हणाली, "ज्याच्यासाठी कुणी रडलं नाही, ते मढं जड असतं."

"अनोळखी जनावरासाठी मी रडू कसा?"

राजा खाली बसला. त्याचा हात मढ्याच्या जबड्यावर पडला, आणि त्याला पुन्हा तो घास आठवला. मग त्याला त्याचे वडील आठवले. ते भरल्या ताटावर वारले होते. हातात घास होता, वीरकेताला हाक मारीत होते, "अरे, ये, बस जेवायला," आणि कलंडले. त्याच दुपारी वीरकेताला गादीवर बसवलं. राजाला सुतक नसतं! नगारे वाजले, नजराणे आले. रडायला सवड कुणी दिलीच नाही, आणि त्यानंही मागितली नाही.

"आबा," राजा म्हणाला, आणि हमसून हमसून रडला. वडिलांसाठी रडला, आणि रडता रडता या रानातल्या जिवासाठीही रडला, की याचं घर कुठं, याला हाक मारणारं कोण होतं, काटा रुतला तेव्हा हे किती लंगडलं असेल. मुलीचं भय होतंच. तेही त्यात वाहून निघालं. चौघेजण माना खाली घालून उभे राहिले.

राजानं डोळे पुसून मढ्याखाली खांदा घातला. मढं उचललं गेलं. त्याला एकट्याला तोल सावरेना, तेव्हा रायाजी पुढं झाले. "पागेचं नसेल," ते पुटपुटले, "पण खूर तर आहेत." भैरोजींनी तिसरा खांदा दिला. शास्त्रीबुवांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं, उपरणं कमरेला बांधलं आणि चौथा दिला. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी त्याला माती दिली.

शेवटची मूठ पडली आणि गावाकडं धूर दिसला. आधी एक रेघ, मग दुसरी, मग घराघरांतून. लोक रस्त्यावर येऊन आनंदानं ओरडत होते. राजा धावत सुटला. अनवाणी, उघड्या डोक्यानं, अंगावर मातीचे डाग घेऊन तो महालाच्या दारात आला. आतून लेकीचा आवाज आला. रडणं खणखणीत होतं.

"चला महाराज," मागून धापा टाकत आलेले प्रधान म्हणाले. "राणीसाहेब वाट बघताहेत. सुतक बाकीच्यांना. राजाला सुतक नसतं."

राजानं उंबऱ्यावर पाऊल टाकलं. आतल्या समईची ज्योत एकदम खाली जाऊन ठिणगीएवढी झाली.

राजानं पाऊल मागं घेतलं. ज्योत वर आली.

"मला आहे," तो म्हणाला.

मग तो अंगणात घोंगडीवर बसला. खांदेकऱ्यांनाही घरी जाता येईना. तेही येऊन बसले. कारभार अडला, नजराणे परत गेले, आणि राज्य काही बुडालं नाही. सुतक फिटेपर्यंत राजा अंगणातच राहिला, अळणी जेवला. रोज सकाळी सोनावती सज्जात येऊन लेकीला उंच धरी. राजा खालून बघे. हात पुढं करी, आणि मग पाठीमागं घेई.

सुतक फिटलं त्या दिवशी त्यानं डोक्यावरून पाणी घेतलं, उंबरा ओलांडला, आणि शेगडीशेजारी बसून लेकीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. ती ऊन होती.

ते जनावर कोण होतं, हे त्या राज्यात आजही कुणाला ठाऊक नाही. लोक पारावर बसून वाद घालतात. राजाला कुणी विचारलं, तर तो सांगे, "आमच्या घरातलं होतं."