भट्टीची भूक

ऐका हं. एकदा काय झालं, एका गावात गोजरा नावाची चुरमुरेवाली होती. अंगणात मातीची भट्टी, भट्टीवर कढई, कढईत तापलेली वाळू. वाळूत तांदूळ पडले की तडतड फुलायचे.

त्या साली तांदूळ महागले. गोजरा म्हणाली, खर्च कमी करायला हवा. रोज सहा पायल्या तांदूळ मोजून भाजायची, त्या केल्या तीन. शेजारणी आपापले हरभरे, शेंगा भाजून न्यायच्या आणि मूठभर भाजणावळ ठेवून जायच्या. त्यांनाही सांगितलं, "नका येऊ गं, माझं सरपण जळतं." वेडी बिचारी!

मग काय? तिनात काही सुटेना, म्हणून केल्या दोन. दोनात पदरचे जायला लागले, म्हणून केली एक. शेवटी रडकुंडीला आली. उद्या भट्टी मोडायची आणि भावाच्या दारी जायचं, असं ठरवलं. वारलेल्या नवऱ्यानं आपल्या हातानं लिंपलेली भट्टी हो ती! मला तर बाई तिची फार दया येते.

तेवढ्यात एक म्हातारी आली. पदरात मूठभर जोंधळे. "पोरी, नातू तापातून उठलाय. एवढ्या लाह्या फोडून दे."

गोजराला नाही म्हणवेना. दिल्या फोडून. म्हातारी गेली आणि बरं का, भट्टीच बोलली!

"गोजरा, या लाह्यांसाठी मी किती लाकडं जास्त खाल्ली?"

"एकही नाही गं!"

"सहा पायल्या भाजायचीस तेव्हा किती खायचे?"

"एक मोळी."

"आणि आज, एका पायलीला?"

गोजरानं उरलेल्या सरपणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "एक मोळीच की!"

"अगं, मला नुसतं तापायलाच मोळी लागते. तू कमी भाजलंस की तांदूळ वाचतात, माझी भूक नाही कमी होत. मग सगळ्या मोळीचा भार त्या एकट्या पायलीवर पडतो."

मग काय, गोजरा अनवाणीच धावली. दारोदार ओरडत गेली, "चुकलं माझं! आणा गं, हरभरे आणा, शेंगा आणा, मका आणा!"

बायका सुपं घेऊन आल्या. भाजणावळीच्या मुठींनी टोपली भरली. ती विकून मोळीचे पैसे निघाले, उरलेल्याचे तांदूळ आले. पुन्हा सहा पायल्या, मग सात, मग आठ. म्हातारीच्या नातवाला मात्र लाह्या कायम फुकट.

भट्टी पुन्हा बोलली का म्हणता? तिला आता बोलायला फुरसत कुठे! ती तडतडत राहिली, गोजरा तिच्यापाशी सुखानं राहिली. तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा बघू डोळे.